भेंडीबाजार : घरे बदलली, शेजाराचे काय?

रमजानच्या रात्री मालपुवा आणि नल्ली निहारी खायला मिनारा मशिदीजवळ अख्ख्या मुंबईतून माणसे येतात, सर्व धर्मांची येतात. तिथून थोडे उत्तरेकडे चालत गेले की भेंडीबाजार लागतो. खवय्यांची नजर तव्यावर असते. पण या वस्तीत मान वर करून पाहावे, असे बरेच काही घडते आहे.

नावाचा उगम दोन तऱ्हांनी सांगतात. क्रॉफर्ड मार्केटच्या मागची वस्ती म्हणून साहेब ‘बिहाइंड द बाजार’ म्हणे, ही एक कथा. इथे भेंडीची झाडे होती, ही दुसरी. दुसरी अधिक पटते, पहिली अधिक रंगवून सांगितली जाते. संगीतप्रेमी मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे आहे ते घराण्यामुळे. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तर प्रदेशातून १८९०च्या सुमारास इथे येऊन राहिले आणि त्यांच्या गायकीला मोहल्ल्याचेच नाव मिळाले. नजीर खाँकडे अंजनीबाई मालपेकर शिकल्या, छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर.

इथल्या अनेक चाळी गोदीत आणि बाजारात राबणाऱ्या एकट्या पुरुषांसाठी बांधल्या गेल्या. पुढे त्याच खोल्यांत संसार थाटले गेले. शौचालय सामाईक, गॅलरी सामाईक. दाऊदी बोहरा कुटुंबे बहुसंख्य, पण इतरही होतीच. बोहऱ्यांचे रमजान हिशोबी पंचांगाने चालते, म्हणून त्यांचा पहिला रोजा बहुधा चंद्रदर्शनाच्या एक-दोन दिवस आधी येतो. एका मोठ्या थाळाभोवती घरची सात-आठ माणसे बसतात, चिमूटभर मीठ चाखून जेवण सुरू होते. थाळ मधोमध ठेवला की चाळीतल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे.

या इमारती पडायला का आल्या, याचे उत्तर पागडीत आहे. भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले, मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरूही हात आखडता घेई. अखेर २००९ मध्ये सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास इमारती, तीन हजारांहून अधिक कुटुंबे आणि बाराशेच्या वर दुकाने असा हा पसारा. प्रत्येक कुटुंबाला त्याच वस्तीत, किमान ३५० चौरस फुटांचे, मालकीचे घर. जुन्या वस्तीचा पुनर्विकास म्हटला की मूळचा माणूस दूरच्या उपनगरात फेकला जातो, हा मुंबईचा रिवाज. तो इथे मोडला, हे या योजनेचे खरे मोल. काही मनोरे उभे राहून लोक राहायलाही गेले.

तरीही खंत करणारे आहेत. लाकडी जिने, कोरीव कठडे, गॅलरीतून गॅलरीत जाणारी इफ्तारीची ताटली हे सारे लिफ्टच्या इमारतीत कुठे राहणार? प्रश्न खोटा नाही. पण तो विचारणाऱ्याने ३१ ऑगस्ट २०१७ची सकाळ आठवावी. याच योजनेतली, अजून न पाडलेली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. बकरी ईद दोन दिवसांवर होती. जुने लाकूड जपायचे म्हणून माणसांनी त्याखाली झोपायचे, हे जतन नव्हे.

जपण्यासारखे काही जागच्या जागी आहे. १९७५ साली लोकांसाठी खुला झालेला रौदत ताहिरा हा मकबरा, ज्याच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण सोन्याच्या अक्षरांत कोरले आहे, तो नव्या मनोऱ्यांच्या शेजारी उभा आहे. गॅलरी मात्र कुठल्याच वारसायादीत बसत नाही. बंद दारांच्या लांब मजल्यावर मगरिबच्या अजानआधी ताटली घेऊन कुणी शेजारची बेल वाजवते का, हे तिथे राहायला गेलेल्यांच्याच हाती आहे. जागा आता आहे. थाळाभोवती आणखी दोन माणसे सहज बसतील.