चिकलठाण्यावरून रडारचा किरण किती उंचीने जातो

वादळाचा माग काढणारे ॲप निवडताना त्याचा नकाशा किती देखणा आहे यापेक्षा, त्यावरील रंग कोणत्या रडारच्या नोंदीतून उतरले आहेत आणि ते रडार किती अंतरावर आहे, हे आधी पाहावे लागते. हवामान रडार सूक्ष्मलहरींचे स्पंद आकाशात सोडते आणि थेंबांवर किंवा गारांवर आदळून परतणाऱ्या लहरींची तीव्रता मोजते. हिला परावर्तकता म्हणतात. तिचे एकक डीबीझेड असून २० च्या आसपास हलका पाऊस, ४० च्या पुढे जोरदार सर आणि ५५ च्या वर गारांची दाट शक्यता, असा ढोबळ अर्थ लावला जातो. डॉप्लर रडार याशिवाय लहरींच्या वारंवारितेतील फरकावरून थेंब रडारकडे येत आहेत की दूर चालले आहेत, हेही सांगते.

अडचण अंतराची आहे. मुंबईतील कुलाब्याच्या रडारपासून छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर आहे. पृथ्वी वक्र असल्यामुळे, क्षितिजापासून केवळ अर्धा अंश वर सोडलेला किरणही येथे पोहोचेपर्यंत जमिनीपासून सात किलोमीटरहून उंच गेलेला असतो; सुमारे अडीचशे किलोमीटरवरील सोलापूरहून सोडलेला किरणही सहा किलोमीटरच्या आसपास असतो आणि नागपूर तर चारशे किलोमीटर दूर. परिणामी एप्रिल-मे महिन्यांतील उत्तुंग गर्जन्मेघाचा माथा तेवढा दिसतो, त्याच्या पोटातला पाऊस किंवा जमिनीलगतचा सोसाट्याचा वारा दिसत नाही, आणि बुटक्या ढगांचा पाऊस तर पूर्णच निसटतो. दूरच्या रडारच्या चित्रातली कोरी जागा म्हणजे निरभ्र आकाश नव्हे. २०१९ साली कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी शहरात विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर सी-बँड डॉप्लर रडार बसवले गेले, त्यामागील गरज या हिशेबातून सहज कळते.

दुसरा घोटाळा अंदाज आणि निरीक्षण यांच्यातला. ‘विंडी’सारख्या ॲपवर सरकणारे पावसाचे पट्टे बहुधा संगणकीय प्रारूपाने आधीच काढलेले गणित असतात, रडारचा थर वेगळा निवडावा लागतो. हवामान विभागाच्या रडार-चित्रांवरील वेळ मात्र बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणून तीत साडेपाच तास मिळवल्याशिवाय चित्र ताजे की शिळे, हे ठरत नाही. (चुकीच्या वेळेचे चित्र बिनचित्रापेक्षा वाईट.)

म्हणून येथे एका साधनावर भिस्त ठेवता येत नाही. दर अर्ध्या तासाच्या इन्सॅट उपग्रह-चित्रात ढगमाथा झपाट्याने थंड होऊ लागला, तर ढग वाढत आहे असे समजते. चिकलठाणा विमानतळाच्या ‘व्हीएएयू’ या संकेताने निघणाऱ्या विमानवाहतुकीसाठीच्या हवामान-नोंदीत ‘सीबी’ ही अक्षरे आली, तर निरीक्षकाला गर्जन्मेघ दिसला आहे असा तिचा अर्थ होतो, आणि ही नोंद खास याच जागेची असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप रडारवर अवलंबून नाही. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी जमिनीवरील संवेदकांनी टिपून ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांचा इशारा देते, त्यामुळे शेतात उभ्या माणसाला त्याचा उपयोग रंगीत नकाशापेक्षा अधिक. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्याची उभी पिके झोडपली. तशा दिवसांत हवामान विभागाचा पुढील तीन तासांसाठीचा जिल्हानिहाय इशाराही पाहावा.

चिकलठाण्याच्या वाचकाने ‘दामिनी’ आणि हवामान विभागाचे ‘मौसम’ ही दोन ॲप आधी घ्यावीत, रडारचे चित्र त्यांच्या जोडीला ठेवावे, आणि गडगडाट कानी येताच मोबाइल खिशात टाकून पक्के छप्पर गाठावे.