दूरचा माऊस ताळ्यावर कसा आणावा

समजा, आपण मुंबईंत आहांत आणि रत्नागिरीस वडिलांचा संगणक अडून बसला आहे. त्यास जोडलेल्या दूरस्थ केव्हीएम यंत्रामुळें तेथील पडदा आपणांस घरबसल्या दिसतो. त्यावर प्रश्न उभा आहे: ‘डिस्क पुसावयाची काय?’ आपण माऊस ‘नाहीं’कडे नेतां, आणि बाण जातो ‘होय’कडे! अशा वेळीं घाईनें बटण दाबलें, तर वर्षांचीं कागदपत्रें व छायाचित्रें नाहींशीं व्हावयाचीं.

कीबोर्ड, व्हिडिओ व माऊस या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून केव्हीएम हें नांव पडलें. हें यंत्र दूरच्या संगणकाचें चित्र आपणांकडे धाडतें आणि यूएसबी तारेवाटे आपण स्वतःच त्याचा कीबोर्ड व माऊस असल्याची बतावणी करतें. मात्र बाण कोठें आहे, हें त्यास सहसा ठाऊक नसतें. तें केवळ आंकडे पाठवितें.

हे आंकडे दोन प्रकारचे. निरपेक्ष पद्धतींत बाणाचें स्थानच सांगितलें जातें; पुष्कळ यंत्रांत डाव्या कडेपासून उजवीपर्यंत ० ते ३२७६७ अशी मोजणी असते. सापेक्ष पद्धतींत ‘येथून इतका उजवीकडे’ एवढेंच कळविलें जातें. एकींत घराचा पत्ता, तर दुसरींत नुसतीं पावलें.

आतां दोष कसा ओळखावा? प्रथम हात थांबवून क्षणभर वाट पाहावी. बाण मागाहून येऊन योग्य जागीं थांबला, तर तो केवळ चित्राच्या प्रवासाचा विलंब होय.

बाण मुळींच हालत नसेल, तर तार तपासावी. कांहीं तारा फक्त वीज वाहतात, संदेश नाहीं. तार ठीक असून बायोसच्या पडद्यावरच बाण अचल राहत असेल, तर सापेक्ष पद्धत निवडावी. पुष्कळ बायोसांस निरपेक्ष आंकडे उमगत नाहींत.

सापेक्ष पद्धतींत बाण हळूहळू भरकटत असेल, तर कारण निराळें. हात भरभर चालला म्हणजे संगणक बाणाची झेप आपणहून वाढवितो. विंडोजमध्यें ही सोय ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ या नांवानें असते; ती बंद करावी, किंवा निरपेक्ष पद्धतीकडे वळावें.

निरपेक्ष पद्धतींतही बाण बाजूस पडत असेल, तर तेथें दुसरा पडदा जोडलेला आहे काय, हें वडिलांस विचारावें. तेच आंकडे कधीं कधीं दोन्ही पडद्यांवर मिळून पसरले जातात. दुसरा पडदा बंद करतांच बाण बहुधा ताळ्यावर येतो.

आणि तोंपर्यंत? माऊस सोडून कीबोर्ड हातीं घ्यावा. टॅबच्या कळीनें ‘नाहीं’वर यावें, तें बटण उजळलेलें डोळ्यांनीं पाहावें, आणि मगच एंटर दाबावें.