कार्ड कोणाच्या हाती? (नवे वैद्यक, नवी जबाबदारी : लेखांक ७)

गेल्या आठवड्याच्या लेखांकात क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या साधनाची घडण आपण पाहिली, आणि सजीव पेशीच्या अंतरंगात शिरून तेथील एखादाच घटक बदलण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या हाती कसे आले याचा मागोवा घेतला. या साधनाला औषध म्हणून जगात पहिली राजमान्यता मिळाली ती मुख्यतः सिकल सेल या रक्तरोगासाठी, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत. आणि हा रोग ज्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे त्यांत विदर्भ आणि छत्तीसगड हे सलग प्रदेश येतात. म्हणून नव्या वैद्यकाने उभे केलेले नैतिक प्रश्न परदेशी प्रयोगशाळांच्या दारात उभे राहून तपासण्यापेक्षा ते भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये, पॉवर हाऊस स्टेशनाजवळच्या वस्तीत, कसे दिसतात हे पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते.

१९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन होईपर्यंतच्या त्या चार वर्षांत बांधकामावरील मजुरांसाठी ज्या छावण्या पडल्या, त्यांचीच नावे पुढे कॅम्प-१, कॅम्प-२ म्हणून कायम झाली. छत्तीसगडच्या खेड्यांतून, आंध्रातून, ओडिशातून, बिहारातून माणसे आली, तशी ती गोंदिया, भंडारा आणि नागपूरकडूनही आली. आणि त्यात नवल नव्हते, कारण १९५६ पर्यंत भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याचा सरकारी कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत होता. या मराठी घरांनी आपली बोली आणली, सणवार आणले, आणि त्यांपैकी काहींनी स्वतःस न कळत रक्तातून एक जनुकही आणले. ती ज्या मातीत रुजली तेथेही ते जनुक आधीपासून नांदत होतेच. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकल सेल वाहकांविषयीचे आपले टिपण ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले ते १९५८ साली, म्हणजे भिलाईची भट्टी पेटण्यापूर्वीच, आणि रायपूरच्या डॉ. पात्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, छत्तीसगडातील साडेतीन लाखांहून अधिक लोकांचे रक्त तपासले असता, शंभरात सुमारे नऊ जण वाहक आढळले. हा केवळ अरण्यातील आदिवासींचा रोग आहे, ही समजूत तेव्हाच निकालात निघावयास हवी होती. साहू, कुर्मी, कुणबी, तेली, महार अशा अनेक समाजांत तो आहे.

रोगाचे मूळ अत्यंत सूक्ष्म आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो हुडकून काढला. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन परस्परांस चिकटून तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे फोडून काढावीत अशा वेदना उठतात. लहान मुलाचे हातपाय सुजतात, पांथरी निकामी होते, क्षुल्लक वाटणारा ताप जिवावर बेततो. मातापित्यांपैकी एकाकडूनच हे जनुक आले तर मनुष्य वाहक होतो, आणि सामान्यतः आयुष्यभर धडधाकट राहतो. किंबहुना हिवतापाच्या प्रदेशात असा वाहक बालपणी काहीसा सुरक्षितच असतो, आणि याच कारणाने हे जनुक टिकून राहिले. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण निपजण्याचा संभव चारात एक असतो.

कॅम्प-१ मधील एका शाळेच्या पडवीत भरलेले तपासणीचे शिबिर मी पाहिले आहे. बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात सोडतात, पाच-एक मिनिटे थांबतात, आणि मग ती नळी काळ्या रेघा आखलेल्या कागदासमोर धरतात. रेघा नळीतून स्वच्छ दिसल्या तर चिंता नाही; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात ते हिमोग्लोबिन आहे असे समजावयाचे. परंतु ते किती आहे, तो मनुष्य केवळ वाहक आहे की रुग्ण आहे, हे ही नळी सांगू शकत नाही. त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पद्धतीने निर्णय करावा लागतो. नळी गढूळ झाली आणि अंतिम अहवाल हाती आला, या दोहोंमध्ये जो काळ जातो, त्या काळात त्या घरावर काय गुजरते याची नोंद कोणत्याही फेरिस्तीत होत नाही. त्या दिवशी गोंदियाकडची एक आई आपल्या मुलीचा हात धरून पुढे आली, नळीकडे पाहिले, आणि नोंदवही उघडून बसलेल्या मितानिनीला हलक्या आवाजात म्हणाली, “पोरीचं लगन जुळून रायलं, बाई, कागदावर तिचं नाव नका लिहू.” मितानिन, म्हणजे गावोगाव व वस्त्यावस्त्यांतून काम करणारी छत्तीसगडची आरोग्यसेविका, क्षणभर थांबली. नाव न लिहावे तर अहवाल कोणाचा आणि औषध कोणाला; लिहावे तर ती वही कोणकोणाच्या नजरेस पडणार, याची शाश्वती ती बिचारी कोठून देणार? नव्या वैद्यकातील नीतीचा सगळा पेच मला त्या थांबलेल्या लेखणीत दिसतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकल सेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन हे तिचे ध्येय, आणि सतरा राज्यांतील चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी हा तिचा पहिला मोठा टप्पा. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींवर लोकांची तपासणी झाली, आणि तीत सुमारे दोन लाख रुग्ण व सोळा लाखांहून अधिक वाहक निघाले. हे काम लहान नव्हे, आणि ज्या रोगाकडे शतकभर दुर्लक्ष झाले त्याच्यासाठी सरकार हलले याचे स्वागत केलेच पाहिजे. तथापि या आकड्यांतच प्रश्न दडलेला आहे. एका रुग्णामागे आठ वाहक निघतात, आणि या वाहकांना औषधाची गरज नसते. त्यांच्या हाती पडते ते केवळ ज्ञान, आणि ते नोंदलेले एक कार्ड. दोन वाहकांचा विवाह टळावा हा कार्डाचा हेतू. पण आपल्या समाजात सोयरिकीच्या बैठकीत कागद प्रथम मागितला जातो तो मुलीचा, आणि मुलगी वाहक आहे एवढे कळताच, मुलाचे रक्त निर्दोष असून संततीला रोगाचा यत्किंचितही धोका नसताना, स्थळ परत जाते. ज्या विवाहात भय नाही तो मोडावयाचा आणि ज्यात आहे त्याची चौकशीच करावयाची नाही, असा हा उफराटा न्याय आहे.

ही भीती काल्पनिक नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी १९६० नंतरच्या दशकात अशीच तपासणी झाली, आणि काही वर्षांनी तेथे परत गेलेल्या संशोधकांना असे आढळले की वाहकांवर कलंक बसला होता, लग्ने जुळवताना अनेक कुटुंबे ती गोष्ट लपवीत होती, आणि दोन वाहकांचे विवाह घडावयाचे ते घडतच होते. अमेरिकेत १९७० नंतर अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. त्यांतून रुग्णांना मिळाले थोडे, पण निरोगी वाहकांना विमा आणि नोकरी नाकारली गेली, आणि तेथील वायुसेनेच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. याहूनही विषण्ण करणारी गोष्ट लायनस पॉलिंग यांची आहे. हा रोग रेणूतील दोषामुळे होतो हे १९४९ मध्ये सिद्ध करणारा, पुढे रसायनशास्त्राचे आणि शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवणारा हा थोर पुरुष. पण १९६८ मध्ये त्याने असे सुचविले की प्रत्येक वाहकाच्या कपाळावर एक चिन्ह गोंदवावे, म्हणजे दोन वाहक परस्परांस ओळखून दूर राहतील. हेतू करुणेचा होता, याविषयी मला शंका नाही. पण ज्याच्या कपाळावर गोंदावयाचे त्याला विचारावे, हे त्याच्या मनात आले नाही.

आपल्याकडील कायद्याची स्थिती पाहू. अपंगांच्या हक्कांचा जो कायदा २०१६ मध्ये झाला त्याने सिकल सेलच्या रुग्णाला संरक्षण दिले, हे योग्यच झाले. पण वाहक हा अपंग नसल्याने त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि संबंधिताच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास, तसेच तिच्यावरून नोकरीत भेद करण्यास त्याने मनाई केली. आनुवंशिक माहितीसाठी असा कायदा आपल्याकडे नाही. उद्या एखाद्या ठेकेदाराच्या कारकुनाने कार्डावरील शब्द वाचला, आणि वाहक व रुग्ण यांतील भेद न समजल्याने त्या मजुराचे नाव हजेरीपटावरून खोडले, तर त्या मजुराने कोणत्या कलमाखाली दाद मागावी? सात कोटींच्या तपासणीची तरतूद करणाऱ्या शासनाने त्या सात कोटींच्या गुप्ततेची तरतूद त्याच वेळी करावयास हवी होती. अजूनही करता येईल.

आता औषधाकडे वळू. परदेशात मान्य झालेल्या उपचाराचे नाव कॅसजेव्ही. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला जन्मानंतर आवर घालणारा जो जनुकीय लगाम असतो तो क्रिस्परने सैल करतात, आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या एकतीस रुग्णांपैकी एकोणतीस जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही, ही खरोखरच अपूर्व सिद्धी आहे. पण पेशी परत सोडण्यापूर्वी अस्थिमज्जा बुसल्फान या जहाल औषधाने रिकामी करावी लागते, आणि त्यामुळे वंध्यत्व येण्याचा धोका असतो. वीस वर्षांच्या मुलीला वेदना आणि मातृत्व यांतून निवड करावयास सांगताना ती निवड तिची असेल, तिच्या बापाची किंवा सासऱ्याची नसेल, हे कोण पाहणार? अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये, ठरली. त्या मानाने दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘बिरसा १०१’ या देशी उपचाराकडे आपण आशेने पाहतो. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले आहे. त्याला आदिवासी नेते बिरसा मुंडा यांचे नाव दिले आहे, आणि त्या नावाचे ऋण मोठे आहे. ज्या आदिवासींच्या नावाने औषध निघाले त्यांच्यावर ते प्रथम अजमावले जाईल, तेव्हा संमतिपत्र त्यांच्या बोलीत वाचून दाखविले जाईल काय, नकाराची खरीखुरी मुभा राहील काय, आणि चाचणी सफल झाल्यावर ते औषध त्यांना परवडेल काय, हे करारनाम्यात आधी लिहून घेतले पाहिजे. सावधगिरीचे कारणही ताजे आहे : व्हॉक्सेलोटर हे याच रोगावरील औषध २०१९ मध्ये त्वरेने मंजूर झाले, आणि रुग्णांच्या मृत्यूंविषयी चिंता उत्पन्न झाल्याने कंपनीने ते सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून परत घेतले.

गर्भाच्या जनुकांतच बदल करून हा वंशदोष कायमचा पुसावा असे सुचविणारेही आहेत. चीनमधील हे जियानक्वी या संशोधकाने २०१८ मध्ये वेगळ्या एका जनुकाबाबत तसे केले आणि त्याला कारावास झाला. भारतात वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने वंशपरंपरेत उतरणाऱ्या अशा संपादनास मनाई केली आहे. ती मनाई योग्य आहे, आणि आपल्या मुलखापुरता तो प्रश्न दूरचा आहे.

जवळचा प्रश्न हायड्रॉक्सियुरियाचा आहे. दररोज घ्यावयाची ही जुनी, स्वस्त गोळी वेदनेचे झटके पुष्कळ कमी करते. तिच्या जोडीला बालपणी पेनिसिलिन, न्यूमोकॉकसची लस आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी एवढे मिळाले तर बहुसंख्य मुले वाढतील, शिकतील, कामाला लागतील. जी व्यवस्था रक्त तपासून नाव लिहून घेते आणि नंतर महिनोन्‌महिने ही गोळी पुरवीत नाही, तिला ते नाव लिहिण्याचा अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या मागणीला येथे परंपरा आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे खाणकामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभे केले, आणि रुग्ण हा दवाखान्याचा याचक नसून धनी आहे हे प्रत्यक्षात दाखविले. जनुकोपचाराच्या समित्यांवर असे धनी का बसू नयेत?

दुर्ग-भिलाईतील मराठी घरांना माझी एक विनंती आहे. तपासणी टाळू नका, आणि मुलगी वाहक निघाली म्हणून तिला दोष देऊ नका. सोयरिकीच्या बैठकीत तिचे कार्ड कोणी मागितले तर मुलाचे कार्डही त्याच बैठकीत, त्याच वेळी मागा. ते नसेल तर त्याची तपासणी होईपर्यंत बोलणे पुढे नेऊ नका. मोहिमेखाली सरकारी दवाखान्यात ही तपासणी दोघांसाठीही विनामूल्य होते.