हेडफोन बदलताना

हेडफोन सहसा एकदम जात नाही. आधी एक कान जातो. वायर अमुक कोनात धरली की आवाज येतो, सोडली की बंद. मग घरातले कुणीतरी पिनेजवळ चिकटपट्टी गुंडाळते, दोन आठवडे ढकलते आणि शेवटी 'आता नवा घ्याच' असे फर्मान निघते. सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला चिकटलेली वस्ती. घरे जवळजवळ, खोल्या मोजक्या. एका खोलीत अम्मी तिलावत ऐकतात, तिथेच मुलीचे बारावीचे लेक्चर सुरू असते, आणि आम्हाला उर्दू बातम्या किंवा एखादे कवितावाचन ऐकायचे असते. अशा घरात हेडफोन ही चैनीची वस्तू उरत नाही. एकाचे ऐकणे दुसऱ्याच्या नमाजच्या किंवा अभ्यासाच्या आड येऊ नये, एवढ्यासाठी ती लागतेच.

पण नवा घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. फोनच्या छिद्रात खिशातली धूळ आणि सुताचे तंतू दाबून बसतात, पिन पूर्ण आत जात नाही आणि दोष हेडफोनवर येतो. फोन बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने ते हलक्या हाताने काढावे. दुसरे, तोच हेडफोन दुसऱ्या फोनला लावून बघावा. तिथेही एक कान मुका असेल तर वायर तुटली आहे, आणि ती बहुतेक पिनेच्या गळ्याशी किंवा कानाच्या मुळाशी तुटते. बजाज चौकाच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत. कारागीर चांगला असेल तर पिन बदलून देतो. या वायरच्या आतली बारीक तांब्याची तार रंगीत लाखेसारख्या थराने मढवलेली असते. तो थर जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, म्हणून घरी केलेली जोडणी टिकत नाही. मात्र दोनशेच्या हेडफोनसाठी शंभर रुपये मजुरी द्यावी का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. हजाराच्या वर किंमत असेल तर जरूर द्यावी.

आता आवाज. दुकानदार डबा पुढे करतो आणि बोट ठेवतो ते आकड्यांवर. '२० ते २०,००० हर्ट्झ' असे जवळजवळ प्रत्येक डब्यावर असते. निरोगी तरुण कानाला ऐकू येणारी मर्यादाच साधारण तेवढी आहे, त्यामुळे हा आकडा वाचून चांगले-वाईट काही कळत नाही. आत बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा इवलासा स्पीकर, १० मिलिमीटरचा की १४ मिलिमीटरचा, यावरूनही दर्जा ठरत नाही. मोठा ढोल लहान ढोलापेक्षा सुरेल असतोच असे नाही. इम्पीडन्सचा आकडा मात्र बघावा. १६ किंवा ३२ ओहम असेल तर साधा मोबाइल तो सहज वाजवतो. स्टुडिओसाठी बनलेले काही हेडफोन २५० ओहमचे असतात. ते फोनला लावले तर आवाज दबकाच येतो.

सध्याची खरी अडचण 'बास'ची आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात तोच शब्द, आणि दुकानात वाजवून दाखवतात ते गाणेही धडधडणारेच. पहिल्या मिनिटात हा आवाज भारदस्त वाटतो. पण खालचे सूर फार चढले की ते वरच्या सुरांना झाकतात, हा आपल्या कानाचा स्वभावच आहे. लेक्चर ऐकणाऱ्या मुलीला मग शिक्षकाचे शब्द गढूळ वाटतात आणि ती आवाज वाढवते. शब्द तरीही स्वच्छ होत नाहीत, धडधड तेवढी वाढते.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून कदाचित हा मुद्दा आम्हाला जास्त बोचत असेल. सीन आणि साद, छोटी हे आणि बडी हे, काफ आणि क़ाफ यांतला फरक कानाने पकडावा लागतो. मोबाइलवरून तजवीद शिकणारी किती तरी मुले आज घरोघरी आहेत. मराठीत 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळे. ल-ळ, न-ण यांचेही तसेच. स, श, फ अशा व्यंजनांची ओळख वरच्या सुरांत दडलेली असते. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, म्हणून नाव सांगताना 'स समईचा, फ फणसाचा' असे फोड करून सांगावे लागे. गढूळ हेडफोन घरात तोच टेलिफोन परत आणतो. शब्द अर्थासकट कळला तर मेंदू उरलेले भरून काढतो, पण भाषा नव्याने शिकणाऱ्या मुलाकडे भरून काढायला काही नसते.

म्हणून दुकानात आपला आवाज आपण न्यावा. घरच्या माणसाचा बोलण्याचा एखादा स्वच्छ रेकॉर्ड, ओळखीच्या कारींची तिलावत, आणि ज्यात तबला व सारंगी आहे अशी एखादी पाठ असलेली गझल फोनमध्ये उतरवून ठेवावी. घरच्या माणसाचा आवाज तुम्हाला पाठ असतो, त्यामुळे तो घागरीतून आल्यासारखा वाटला की लगेच कळते. 'स' उच्चारताना सुईसारखे टोचत असेल तर तो हेडफोन तासभर ऐकवणार नाही. तबल्यात डग्ग्याची घुमक आणि दायाँची कड वेगवेगळी कळली पाहिजे. आणि सगळे कमी आवाजात ऐकावे. मोठ्या आवाजात कोणताही हेडफोन पहिल्यांदा छानच वाटतो, दुकानदारालाही हे ठाऊक असते. कानात घालायचा नग स्वच्छतेच्या कारणाने उघडून देत नसतील तर त्यात काही गैर नाही. अशा वेळी ओळखीत कुणाकडे तोच असेल तर पंधरा मिनिटे मागून ऐकावा.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत सापडत नाही. तो म्हणजे कूलर. वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो. मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत घराघरात कूलरचा पंखा घोंगावत असतो. त्या घोंगावण्यावर मात करायला प्रत्येक जण आवाज चढवतो. जूनमध्ये कूलर थांबतो, पण चढवलेला आवाज सवयीने तिथेच राहतो. उपाय आवाज वाढवण्यात नाही, बाहेरचा आवाज अडवण्यात आहे. रबरी टोपीचा, कानाच्या नळीत नीट बसणारा साधा वायरचा इअरफोन हे काम बऱ्यापैकी करतो. नळीच्या तोंडाशी नुसता टेकणारा, कडक प्लास्टिकचा इअरफोन हे करत नाही.

'नॉइज कॅन्सलिंग' नावाची जी महाग सोय आहे ती बाहेरचा आवाज लहानशा माइकने टिपते आणि त्याच्या नेमकी उलट लहर कानात सोडते. दोन्ही एकमेकांना खातात. या तंत्राची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमर बोस हे अमेरिकेत एमआयटीत शिकवणारे प्राध्यापक; त्यांचे वडील बंगालमधून तिकडे गेलेले. १९७८ मध्ये विमानप्रवासात मिळालेला हेडफोन इंजिनाच्या घरघरीमुळे ऐकवेना, तेव्हा त्यांनी बसल्या जागीच या विषयाची गणिते मांडायला सुरुवात केली. पहिले हेडसेट वैमानिकांसाठी आले ते १९८९ मध्ये. अखंड, जाड घरघरीवर हे तंत्र चालते. कूलरच्या पंख्याची घुमक ते बरीच खाते, पाण्याचा आणि हवेचा सळसळाट कमी खाते, कुकरच्या शिट्टीपुढे त्याचे काही चालत नाही. नुसत्या कूलरसाठी तीन-चार हजार जास्त मोजावेत असे आम्हाला वाटत नाही.

उन्हाळ्याचाच दुसरा हिशेब गादीचा. पूर्ण कान झाकणारा मोठा हेडफोन ऐकायला सर्वांत ऐसपैस, पण त्याच्या गादीवरचे नकली चामडे घामाने दोन-तीन मोसमांत सोलते. सुट्या गाद्या मिळतात का, हे घेतानाच विचारावे. चष्मा असेल तर त्याची काडी गादीखाली फट ठेवते आणि आवाज पातळ होतो. हिजाब किंवा ओढणीवरून मोठा हेडफोन घातला तर कापड मध्ये येते, आतून घातला तर मे महिन्यात जीव नकोसा होतो. घराबाहेर वावरणाऱ्या मुलींना आणि बायकांना वायरचा इअरफोन किंवा गळ्यातला नेकबँड सोयीचा पडतो. रबरी टोप्या तीन मापांच्या मिळतात, त्या सगळ्या लावून बघाव्यात. दोन्ही कान एकाच मापाचे असतात असेही नाही. टोपी सैल राहिली तर चांगल्या इअरफोनचाही खालचा आवाज गळून जातो, आणि आपण कंपनीला नावे ठेवतो.

वायर की ब्लूटूथ? आमचे मत वायरच्या बाजूने आहे, निदान अभ्यासासाठी तरी. एक कारण कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. ब्लूटूथ हेडफोनवर गाणे ऐकताना आवाज एका पद्धतीने येतो, आणि माइक सुरू झाला की तोच हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतो. त्यात वरचे सूर कापले जातात. ऑनलाइन वर्गात मुलीने प्रश्न विचारायला माइक उघडला की शिक्षकाचा आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो तो यामुळे. वायरमध्ये असे होत नाही. शिवाय कानात बसणाऱ्या बिनवायरच्या कळ्यांमध्ये इवलीशी लिथियम बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते आणि सहसा बदलता येत नाही. उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत ठेवली तर त्याहून लवकर. पाचशे ते हजार रुपयांत नामांकित कंपनीचा वायरचा इअरफोन जो आवाज देतो, तेवढ्यासाठी ब्लूटूथमध्ये जवळजवळ दुप्पट मोजावे लागतात. फोनला गोल छिद्र नसेल तर टाइप-सी पिनेचा घ्यावा. जोडणी घ्यायची असेल तर आत ध्वनीची चिप असलेलीच घ्यावी, कारण बिनचिपेच्या स्वस्त जोडण्या अनेक फोनवर मुक्याच राहतात. ब्लूटूथची खरी गरज असते ती स्वयंपाक करताना ऐकणाऱ्यांना. चुलीजवळ लोंबती वायर कुणालाच नको.

मुलांचे कान हा यातला सर्वांत नाजूक भाग. कानाच्या आत ध्वनी टिपणाऱ्या केसासारख्या पेशी असतात, जन्मतः एका कानात साधारण पंधरा हजार. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे असुरक्षित ऐकण्यामुळे जगातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी तेवढेच तास ७५ डेसिबल, अशी मर्यादा तिने घातली आहे. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. बारावीची मुले दिवसाला चार तास ऐकतात. अनेक फोनमध्ये कमाल आवाज बांधून ठेवायची सोय असते, ती सेटिंगमध्ये शोधून लावावी. आणि रस्त्यावर किंवा रेल्वे रुळाजवळ दोन्ही कान बंद नकोतच. वर्धा जंक्शनचे रूळ ओलांडणारी मुले रोज दिसतात.

घरातली वडीलधारी माणसे नव्या हेडफोनवरही आवाज शेवटपर्यंत चढवत असतील, तर दोष हेडफोनचा नाही. वयानुसार आधी वरचे सूर जातात, म्हणून 'ऐकू येते पण कळत नाही' अशी तक्रार होते. त्यांना आणखी भारी हेडफोन आणून देण्याऐवजी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथे श्रवणतपासणी करून आणावी. ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजत राहत असेल तर तरुणांनीही जावे. अम्मींना आम्ही हलका, डोक्यावरून बसणारा हेडफोन घेतला. रबरी टोपी कानात गेलेली त्यांना अजिबात चालत नाही.

खरेदीचे थोडके. ब्लूटूथचा असेल तर डब्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तो खरा की खोटा हे बीआयएस केअर या मोफत ॲपवर टाकून कळते. नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. छापील किंमत चार हजार आणि विक्री नऊशे असेल, तर तो माल नऊशेचाच समजावा. पक्के बिल घ्यावे, कारण वॉरंटी बिलावर चालते. ऐकून घेत नसतील तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

जुना हेडफोन घंटागाडीत टाकू नये, बॅटरीचा तर मुळीच नाही. वायरचा असेल तर दुरुस्तीवाल्याला द्यावा, त्याला पिना लागतात. आणि नव्याच्या डब्यातल्या उरलेल्या रबरी टोप्या बरणीत जपून ठेवाव्यात. सर्वांत आधी हरवते ती टोपीच.