नाळेला आवळतं कोण?

आज आपण तंजावरात आहोत. इथल्या मराठी घरांची महाराष्ट्राशी नाळ तीनशे वर्षांहून जुनी, पण बोलायचंय ते खऱ्या नाळेबद्दल.

दुसरे सरफोजी राजे 1798 मध्ये इथं गादीवर आले आणि सरस्वती महालात युरोपीय वैद्यकाची पुस्तकंही गोळा करू लागले. त्याच काळात, 1801 मध्ये, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस यांनी इंग्लंडात लिहिलं, की नाळ घाईनं बांधली तर बाळाच्या हक्काचं रक्त वारेतच अडकतं. का ते मात्र कळायला फार वेळ लागला.

नाळेत तीन वाहिन्या. दोन धमन्या बाळाकडून वारेकडे, एक शीर परत बाळाकडे. आपल्या हातापायातल्या धमन्यांना मेंदू मज्जातंतूंतून सांगतो, आवळ किंवा सैल हो. नाळेत मज्जातंतू जवळजवळ नाहीतच. (म्हणून तर ती कापताना बाळाला दुखत नाही.)

मग हुकूम कोणाचा? वाहिनीच्या आतल्या पातळ अस्तराचा आणि रक्तातल्या रसायनांचा. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन स्नायू सैल करतात. सिरोटोनिन, थ्रॉम्बॉक्सेन, एंडोथेलिन आवळतात. गरोदरपणात सैल करणाऱ्यांचं पारडं जड हवं. थोडा फरकही महागात पडतो, कारण नळीची रुंदी निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो.

जन्मल्यावर मात्र सगळं उलटतं. बाळ रडतं, रक्तातला प्राणवायू वाढतो. गंमत बघा, त्याच प्राणवायूनं फुप्फुसातल्या वाहिन्या उघडतात आणि नाळेतल्या धमन्या मिटतात! बाहेरचा गारवा आणि नाळेला बसणारा ताण मदतीला असतातच. धमन्या आधी मिटतात, शीर थोडी उशिरा. म्हणजे जायची वाट बंद, यायची काही वेळ उघडी. त्या मिनिटांत वारेतलं रक्त बाळाकडे येतं, आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने पुरतं. आपल्याकडे आईलाच रक्त कमी असतं, तिथं ही शिदोरी मोलाची.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, नाळेला चिमटा एका मिनिटाच्या आत लावू नका. एक ते तीन मिनिटं थांबा. कावीळ किंचित वाढू शकते, तेव्हा बाळावर लक्ष हवं. बाळ श्वासच घेत नसेल तर निर्णय डॉक्टरांचा. एरवी, तंजावरात असा की लातुरात, बाळंतपणाआधीच विचारून ठेवा: नाळ कधी बांधणार?