जानेवारीतली ऊबदार गच्ची

ग्वाल्हेरचा जानेवारी म्हणजे धुकं, रजई आणि शेगडी. यंदा मात्र आठवडाभर स्वेटरही नकोसा झाला! दिवसा ऊन, रात्री ढग. ढगांमुळे जमिनीची ऊब निसटून जात नाही, म्हणून पहाटही सौम्य. गुडघेदुखीमुळे दोन हिवाळे खोलीतच काढलेल्या आजीला हात धरून गच्चीवर आणलं. लेकीने गजक आणली. आजी लष्करमधल्या जुन्या वाड्याच्या आठवणी सांगू लागली. मी लॅपटॉप मिटला.

“गव्हाला थंडी हवी रे,” ती मध्येच म्हणाली. खरंच, थंडी कमी पडली तर ओंब्या लवकर येतात, दाणा बारीक राहतो.

थंडी परतायलाच हवी. तोवर तुमच्याही आजी-आजोबांना उन्हात बसवा आणि शेजारी बसून ऐका.