द्राक्षवेलीवरील केवडा व भुरी : आधी ओळख, मग औषध

बेळगाव जिल्ह्यातील अथणी तालुका आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मिरज, तासगाव व जत हे तालुके यांमधील द्राक्षबागांची रीत एकच आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या येथे घेतात. फळछाटणीनंतर फुलोरा व मणी धरेपर्यंतचा काळ अत्यंत नाजूक असतो. याच वेळी परतीचा पाऊस लांबला, तर वर्षभराची मेहनत व कर्जफेड दोन्ही धोक्यात येतात. सन २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाने सांगली व नाशिक भागातील बागायतदारांना याचा कटू अनुभव दिला.

अशा प्रसंगी शेजाऱ्याने फवारले तेच औषध आपणही फवारावे, असा प्रघात पडला आहे. तो हितावह नाही. कारण पानावरील प्रत्येक पांढरी बुरशी एकाच रोगाची नसते.

केवड्याची ओळख : पानाच्या वरच्या बाजूस तेलाच्या थेंबासारखे फिकट पिवळे डाग पडतात व त्याच जागी खालच्या बाजूस पांढरी, कापसासारखी वाढ दिसते. पाने ओली राहिल्याशिवाय हा रोग लागत नाही. कोवळे घड तपकिरी पडून वाळतात. केवड्याचा जंतू आज खऱ्या बुरशीत गणला जात नाही; म्हणून भुरीची अनेक औषधे त्यावर चालत नाहीत.

भुरीची ओळख : पानाच्या दोन्ही बाजूंस व मण्यांवर राखेसारखी पूड दिसते, ती बोटाने पुसली जाते. या रोगास पाने ओली असावी लागत नाहीत. ढगाळ हवा व दाट पानोरा त्यास पोषक ठरतो. रोगट मणी पुढे तडकतात.

उपाय : केवड्यावर बोर्डो मिश्रण हा जुना व खात्रीचा प्रतिबंधक उपाय होय. फ्रान्समधील बोर्डो परिसरात चोरांना दूर ठेवण्यासाठी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेली निरोगी राहिल्याचे पाहून शास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५० लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवावा. नंतर दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. घासलेला लोखंडी चाकू त्यात बुडवावा. पात्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. घड वाढू लागल्यावर ते टाळावे, कारण मण्यांवर डाग राहतात.

भुरीवर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. मात्र कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात.

गर्दीच्या फुटी विरळ करणे व रोगट पाने बागेबाहेर नेऊन नष्ट करणे दोन्ही रोगांत आवश्यक आहे. शंका असल्यास रोगट पान घेऊन होबळीतील रैत संपर्क केंद्रात किंवा बागायत खात्याच्या कार्यालयात दाखवावे. शिक्षकांनीही अशी दोन पाने वर्गात शेजारी ठेवून मुलांना फरक दाखवावा. पान उलटून पाहण्यास क्षणभर लागतो; पण त्यावरच पुढील फवारणीचा खर्च कारणी लागणे अवलंबून आहे.